चार बांबू, एक लुगडं

मोठीमाय,

तू गेलीस ते गल्लीत कोणालाच कळलं नाही, आणि त्याला कारण तूच. दुपारी जेवलीस, ताट घासून उपडं घातलंस आणि रोजच्यासारखी ओसरीतल्या खाटेवर आडवी झालीस. एक ते दोन तुला कोणी हाक मारायची नाही, हा नियम तू वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोक्यात बसवला होतास. शेजारची शकून दीडच्या सुमाराला विळा मागायला आली, तुला पाहिलं आणि चपला हातात घेऊन परत गेली. सिलिंडरवाला आला, त्याला समोरच्या घरातून हातानंच थांब म्हणून खुणावलं. अडीच वाजता मी चहा घेऊन आले तेव्हा तुझा एक हात पोटावर होता. पायाला तेल लावलेलं होतं, तळवे चमकत होते. मी दोनदा हाक मारली. मग पायाला हात लावला आणि चहा तसाच खाली ठेवला.

रडणं तर झालंच. पण तिसऱ्या दिवशी बायका ओसरीत बसल्या होत्या, शकून नाक पुसत म्हणाली, "मराले टेकली होती तरी बुढीनं आपली झोप नाई सोडली." मग माझी सासू हसली. तुझी सख्खी जाऊ, जिला मी तुझ्या घरात कधी मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, ती पदरात तोंड घालून हसायला लागली आणि तिच्यामागून आम्ही सगळ्या. विहारातून आलेले लोक दारात थबकले. दुःखाचं घर आहे की कशाचं, त्यांना समजेना.

आज सतरा दिवस झाले. वाफ्यात परे टाकून झालेत, धानाची रोपं बोटभर वर आली आहेत. आणखी पंधरा-वीस दिवसांत ती उपटून चिखलात लावायचा रोवणा लागेल. त्याआधी तुझ्याशी बोलायचं राहिलं आहे ते बोलून घेते. रोवण्यात मला फुरसत मिळणार नाही. नाही म्हणजे, मिळेल. तू ती मिळवून ठेवली आहेस. त्याबद्दलच सांगायचं आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी गोंदियाहून या गावात लग्न होऊन आले. शहरातली, हिंदीत बोलणारी, चिखलात पाय न घातलेली. दुसऱ्या वर्षी मीच हट्ट धरला की मलाही तुमच्याबरोबर रोवण्याला यायचं. तू चौदा बायकांच्या टोळीची म्होरकी. माझ्या हातांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "ये न मंग. कोन अडवून राहिलं?"

पहिल्या दिवशी मला दाखवून द्यायचं होतं. सकाळपासून वाकले ती वाकलेच. तुम्ही सगळ्या ओळ संपली की सरळ उभ्या राहायच्या, कंबरेवर हात ठेवून मागे झुकायच्या, आणि मी तेवढ्यात चार पेंड्या जास्तीच्या लावायची. पाणीही प्यायले नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? चारी बाजूंना धानाची उघडी बांधी, बांधाच्या धुऱ्यावर माणसं, रस्त्यावर मोटारसायकली. माझ्या माहेरच्या शाळेतल्या बाईसुद्धा हेच करायच्या. सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत घोट नाही. बाईच्या जातीला हे शिकवावं लागत नाही.

चार वाजता मी सरळ व्हायला गेले आणि झालेच नाही. कंबर धरली होती. दोघींनी काखेत हात घालून मला धुऱ्यावर बसवलं. तू समोर येऊन उकिडवी बसलीस.

"कोन जिंकलं व?"

मी कंबर चोळत राहिले.

"आज तू सगळ्यांच्या पुढं होतीस. उद्या उठशीन का?"

"उठेन."

"पानी पेली का दिवसभर?"

मी मान हलवली. तू पाण्याची कॅन माझ्यासमोर ठेवलीस आणि मागे बोट दाखवलंस. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. धुऱ्याच्या कोपऱ्यात चार बांबू रोवलेले होते आणि त्यांना तुझं जुनं लुगडं गुंडाळलं होतं. सकाळी तू ते खांद्यावर टाकून आणलं होतंस. मला वाटलं, डबे ठेवायला सावली केली असेल.

"ते कायले बांधलं मी? पी आन जा."

तुला सांगू का, त्या लुगड्याच्या आत बसून मी रडले. कंबर दुखत होती म्हणून नाही. सकाळपासून मी जी गोष्ट अंगात दाबून धरली होती तिच्यासाठी कोणीतरी पहाटे उठून बांबू तोडले होते. त्याची लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

हळूहळू तुझे सगळे कायदे मला कळले. अकरा वाजता टेकायचं. जेवताना उभं राहायचं नाही. जिची पाळी आली असेल तिनं परे उपटायच्या कामाला बसायचं, वाकायचं नाही, आणि त्यावर कोणी काही बोलायचं नाही. घरी गेल्यावर आधी चूल नाही, आधी पाय. कोमट पाण्यात पाय घालायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, हळद कालवलेलं तेल लावायचं. "चिखल्या झाल्या त मंग रडत येऊ नोको माह्याजवळ," असं म्हणायचीस, आणि कोणी रडत आली की सगळ्यात आधी तूच तिचे पाय मांडीवर घ्यायचीस.

विश्रांतीच्या वेळी आपण धुऱ्यावर ओळीनं उताण्या पडायचो. बिरसीच्या विमानतळाकडून ती शिकाऊ विमानं यायची, गावावरून गोल घेऊन परत जायची, पुन्हा यायची. एकदा तू बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत होतीस. मग म्हणालीस, "हा पोट्टा सकाळपासून फिरून राहिला. याले उतराले येत नाई वाटते." शकून हसून हसून धुऱ्यावरून खाली बांधीत घसरली. तिच्या चिखलानं माखलेल्या तोंडाकडे बघून पुन्हा हसणं. तिकडे दोन बांध्या पलीकडे सारसाची जोडी उभी होती, तीसुद्धा मान उंच करून आपल्याकडे बघायला लागली. आणि तू म्हणालीस, "आता उठा. हसनंही झालं, कंबरही मोकळी झाली."

घरातही तू तशीच. दुपारी बारा वाजता स्वतःचं ताट हातात घेऊन आमच्या स्वयंपाकघरात यायचीस आणि खाली बसायचीस. माझी सासू आपल्या लेकाची, प्रकाशची वाट बघत असायची. तो गोंदियाच्या राइस मिलमधून कधी तीनला यायचा, कधी चारला. तोपर्यंत आम्ही दोघी उपाशी.

"भात निवला का मंगच जेवाचं, हे तुमाले कोनं सांगतलं?" तू विचारायचीस. "त्याच्यासाठी झाकून ठेवा. तो काही भिंतीवरून पाहून नाई राहिला."

सासू तोंड वाकडं करायची, पण वाढून घ्यायची. तिघी मिळून गरम भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण खायचो. मला आठवतं, पहिल्यांदा मी गरम भाताचा घास घेतला तेव्हा जीभ पोळली होती. सवयच नव्हती.

आता त्या भांडणावर येते. ते आपण कधी पुरं केलंच नाही.

गावाबाहेरची ती मोठी शेती, जिचा रोवणा दरवर्षी आपल्याच टोळीकडे असायचा. त्या वर्षी मालक सकाळीच धुऱ्यावर येऊन उभा राहिला. ट्रॅक्टरनं चिखल करून ठेवला होता, पाऊस लांबत होता.

"कौसल्याबाई, औंदा हे बसनं-झोपनं नाई चालनार. माह्या बांधीतलं पानी उतरून राहिलं. आन ते तंबू ठोकनं बंद करा. रोवण्याले येता का मंडईच्या जत्रेले?"

तू शांतपणे म्हणालीस, "मालक, तुमचा ट्रॅक्टर तापला त तुमी काय करता?"

"काय करता म्हंजे? थांबवतो."

"बोनेट उघडता. पानी टाकता. मंग आमी काऊन थांबाचं नाई?"

"ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे."

"हो, तो विकत आनला तुमी."

मालक चिडला. म्हणाला, दुसऱ्या गावच्या बाया आणतो. तू खाली ठेवलेले बांबू खांद्यावर घेतलेस आणि म्हणालीस, "चला गं." बस, एवढंच. मागे वळून पाहिलंही नाहीस.

मी मात्र जागची हलले नाही. मग रस्त्यावर येऊन तुला गाठलं आणि बोलले. सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, "तू आम्हाला विचारलं का? दहा-बारा दिवसांचं काम गेलं. तुझं एकटीचं घर आहे, आमचं नाही. आमच्या वतीनं 'चला' म्हणायचा हक्क तुला कोणी दिला?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. "तुले जायचं असन त जा व," म्हणालीस. "तुह्या अंगाले इचारून जा पन."

मी गेले. आणखी चौघी माझ्याबरोबर आल्या. मालकानं बाहेरून बायका आणल्या, त्यांच्यात आम्ही पाच. आडोसा नाही, बसणं नाही. मला वाटलं, बारा दिवस तर आहेत, पाणी कमी प्यायचं, निभेल. सकाळी चहासुद्धा सोडला. पाचव्या दिवशी लघवीला आग व्हायला लागली. मी कोणाला सांगितलं नाही. आठव्या दिवशी अंगात थंडी भरली. नवव्या दिवशी भर दुपारी मी परे हातात घेऊन चिखलात तोंडावर पडले. प्रकाशनं रिक्षा करून मला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे, पाच-सहा दिवस सलाइनवर राहावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू वॉर्डाच्या दारात उभी दिसलीस. हातात डबा, काखेत पिशवी. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता ऐकवणार, आणि तो तुझा हक्क होता. तू स्टूल ओढलंस, डब्यातून तांदळाची पेज काढलीस, फुंकून फुंकून मला पाजलीस. मग चादर वर केलीस, माझे पाय पाहिलेस. बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी पांढऱ्या पडल्या होत्या. पिशवीतून रुमाल काढलास, पाय पुसलेस, तेल लावलंस, वाढलेली नखं कापलीस. शेजारच्या खाटेवरची बाई विचारत होती, "माँ है क्या आपकी?" तू मान डोलावलीस. हिंदी तुला नीट कळत नव्हती, की कळून डोलावलीस, ते मी कधी विचारलं नाही.

नखं कापता कापता तू मला ते सांगितलंस. खाली बघूनच. तुझं दुसरं बाळंतपण ऐन आषाढात झालं होतं आणि पंधराव्या दिवशी तू रोवण्याला गेली होतीस. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सगळ्याच जात होत्या. त्यानंतर तुझं अंग बाहेर यायला लागलं. सहा वर्षं तू ते कापडानं बांधून धान रोवलंस, गवत कापलं, पाणी भरलं.

"कोनालेच नाई सांगतलं?"

"कोनाले सांगाचं? सगळ्याईचं तसंच असते वाटे." नेलकटर रुमालानं पुसून तू बंद केलंस. "मंग ऑपरेशन झालं. तठची नर्स मले म्हने, बाई, सहा वर्षं काऊन आली नाई? मी उत्तर शोधून राहिली. सापडेच नाई. घरी आल्यावरही शोधलं. अजून नाई सापडलं."

तुझे बांबू कुठून आले ते मला त्या दिवशी कळलं.

मी तुझी माफी मागितली नाही. तोंडापर्यंत आली होती. तू म्हणालीस, "झोप आता," आणि चादर ओढलीस. पुढेही कधी मागितली नाही. आज मागते. तुझं अंग काय भोगून बसलं होतं ते माहीत नसताना मी सगळ्यांसमोर तुला एकटीचं घर म्हणून टोचलं, त्याबद्दल. पण मोठीमाय, एक गोष्ट मला अजूनही पटत नाही. तू आम्हाला विचारायला हवं होतंस. तुझा निर्णय बरोबर होता, तरी विचारायला हवं होतं. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकायचं होतं. बहुतेक म्हणाली असतीस, "बरं, पुढच्या येळी इचारीन," आणि विचारलं नसतंस.

पुढच्या वर्षी मालक स्वतः आला नाही. मालकीणबाईला स्कूटीवर पाठवलं. बाहेरच्या टोळीतल्या निम्म्या बायका आजारी पडून काम अर्धवट सोडून गेल्या होत्या, तिरप्या-तारप्या ओळी लागल्या होत्या, धान पातळ झालं होतं. बाई म्हणाली, "तुमच्याच बाया पाहिजेत." तू म्हणालीस, "आमच्यासंगं आमचे बांबूही येतीन." ती हसली आणि बरं म्हणाली.

पहिल्या दिवशी ती छत्री घेऊन धुऱ्यावर देखरेखीला उभी होती. दहा वाजले, अकरा वाजले. आपण टेकलो. मी पाहत होते, बाई आडोशाकडे बघायची, पुन्हा बांधीकडे बघायची, छत्री या हातातून त्या हातात घ्यायची. शेवटी तुझ्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"कौसल्याबाई, मी जाऊ का तठी?"

तू पाण्याची कॅन तिच्या पुढे केलीस. "जा न बाई. आदी पानी प्या, मंग जा. सकाळपासून घोट नाई घेतला तुमी, पाहून राहिली मी."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. धुऱ्यावर आपल्या ओळीत येऊन बसली. म्हणाली, "वीस वर्षं झाली या वावरात येऊन राहिली. आज पहिल्यांदा घरी जायची घाई नाई." शकूननं तिच्या हातावर जवसाच्या चटणीची गोळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या ट्रॉलीत चार लोखंडी पाइप आणि हिरवी जाळी आली. मालक दुसरीकडे बघत म्हणाला, "हे घ्या. तुमचं लुगडं वाऱ्यानं उडते." तू पाइप हातात घेऊन वजन पाहिलंस आणि म्हणालीस, "जड आहे. तुमच्याच ट्रॅक्टरवर ठेवा, रोज आनत जा." आणि तो आणत गेला. आता गावात चार टोळ्यांकडे असा आडोसा आहे. दवनीवाड्याकडच्या एका टोळीनं तर त्याला वरून छप्परही केलं आहे, ते बघायला तू मुद्दाम गेली होतीस आणि त्यात खोट काढून परत आली होतीस. म्हणे, दार चुकीच्या दिशेला आहे.

तुझी आठवण म्हटली की मला सगळ्यात आधी मंडईचा दिवस दिसतो. दिवाळीनंतर गावात मंडई भरायची आणि तू सकाळीच जाहीर करायचीस, "आज चूल बंद." नवी साडी, डोक्याला जास्वंदीचं तेल, हातात नव्या बांगड्या. कोणाला जेवायचं असेल त्यानं मंडईत जाऊन जेवावं. दोन वर्षांपूर्वी तू आकाशपाळण्यात बसलीस. पाळणावाला म्हणाला, "माताजी, चक्कर आएगा." तू त्याला म्हणालीस, "रोवण्यात दिवसभर मुंडकं खाली असते बाबू. मले काई नाई होत." मला जबरदस्तीनं शेजारी बसवलंस. वर गेल्यावर मी डोळे मिटले. तू माझा हात धरून ओरडत होतीस, "रंजू, डोरे उघड. आपली पान्याची बोडी दिसून राहिली. आपलं घर दिसून राहिलं. पाह्य व, बांध्या कशा दिसतेत, गोधडीवानी." खाली उतरून तू आणखी एक तिकीट काढलंस. मी नाही आले. तू एकटीच गेलीस, आणि दरवेळी वरून खाली येताना आम्हाला हात दाखवत होतीस.

आता तुझ्या गुडाखूबद्दल. बाकी सगळ्यांना शहाणपण शिकवणारी तू, रोज सकाळी ती तंबाखूची काळी पेस्ट दातांना घासत बसायचीस. मी किती वर्षं मागे लागले. "अंगाची काळजी घ्या म्हणतेस, मग हे काय आहे?" तू बोट तोंडात ठेवूनच म्हणायचीस, "हे माही कॅजुअल." मिलमधल्या कॅजुअल रजेचा हा शब्द तू प्रकाशकडून उचलला होतास. मागच्या पोळ्याला मला वचन दिलंस की सोडली. मी सगळ्यांना सांगत फिरले. तुझ्या घरातलं सामान आवरताना तांदळाच्या कोठीत हात घातला तर आत दोन डब्या. एक भरलेली, एक अर्धी. मी तिथेच जमिनीवर बसून हसले. तू मला नऊ-दहा महिने छान फसवलंस. ही एक गोष्ट सोडली असतीस तर आणखी काही वर्षं मिळाली असती का, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेतच. मी एवढंच विचारलं की त्रास झाला असेल का. म्हणाले, नसावा.

तुझ्या माहेरचा एक पाहुणा पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवताना म्हणाला, "एवढं तेल, एवढी झोप, एवढं टाइमावर जेवन. काय झालं? पासष्टीच्या आतच गेली." मला त्या माणसाच्या पानात वाढणं सुचेना. पण उत्तर शकूननं दिलं. ती भाताचं भांडं घेऊन उभी होती. म्हणाली, "भाऊ, ते मरू नये म्हनून नोती करत. तिले तसं राहनं आवडे." आणि त्याला भात वाढून पुढे गेली. त्या एका वाक्यानं माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तोपर्यंत मीही मनातल्या मनात तुझ्यावर रागावलेच होते, की सगळं नीट करूनही तू मला फसवून गेलीस.

परवा मी गोंदियाला गेले. घरी सांगितलं, काम आहे. बसमध्ये बसेपर्यंत मलाही नक्की ठाऊक नव्हतं काय काम आहे. दवाखान्यात गेले, चिठ्ठी काढली, रांगेत बसले. माझ्याच वयाची डॉक्टर होती. तिनं कागदावरून मान न उचलता विचारलं, "क्या तकलीफ है?"

"कुछ नहीं."

तिनं मान उचलली. "कुछ नहीं मतलब?"

"मतलब तकलीफ कुछ नहीं है. देखने आई हूँ कि सब ठीक है क्या."

ती हसली. मग मराठीत म्हणाली, "त्रास नसताना आलेल्या तुम्ही आजच्या पहिल्याच." तिनं रक्त तपासायला पाठवलं, कंबर दाबून पाहिली, रक्तदाब मोजला. रक्त थोडं कमी आहे. बाकी सगळं ठीक. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पालेभाजी खा, तीन महिन्यांनी पुन्हा या. मी येईन म्हटलं. रोवणा संपलेला असेल तेव्हा.

बाहेर आले तर एक वाजला होता. परतीच्या बसला अजून तास होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात गरम आलूबोंडे निघत होते. मी इतकी वर्षं त्या हॉटेलातून घरच्यांसाठी बांधून नेत आले आहे. आत कधी बसले नाही, एकटी तर नाहीच. आत बसलेली सगळी पुरुषमंडळी होती. मी गल्ल्यासमोर उभी राहिले आणि दोन आलूबोंडे सांगितले. मालकानं सवयीनं कागद फाडला.

"पार्सल ना, भाभी?"

"नहीं भैया," मी म्हटलं. "यहीं बैठके खाऊँगी. और एक चाय."

त्यानं पोऱ्याला पंख्याखालचं टेबल पुसायला सांगितलं. मी बसले. आधी ग्लासभर पाणी प्यायले, मग सावकाश खाल्लं, मोठीमाय. जीभ पोळली नाही.